सफोकच्या खेड्यातला आपला विल्यम नेमका कोणता? पॅरिशच्या नोंदी आणि जुन्या मृत्युपत्रांतून माग काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खापरपणजोबा विल्यम हे इंग्रज शिपाई. १८४६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी भरती, मग मुंबई इलाख्यात नोकरी, खडकीला लग्न आणि सैन्यातून सुटल्यावर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत काम. लग्नाच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचं नाव जॉन, धंदा शेतमजुरी. सेवामुक्तीच्या कागदावर जन्मगाव म्हणून सफोक काउंटीतलं, आय या बाजाराच्या गावाजवळचं एक खेडं. त्या भागातल्या नोंदी चाळल्यावर तुम्हाला याच नावा-आडनावाचे दोन विल्यम सापडले, दोन शेजारच्या खेड्यांत, दोन वर्षांच्या अंतराने बाप्तिस्मा झालेले. दोघांचेही बाप जॉन आणि दोघेही शेतमजूर. यातला आपला कोणता, त्याच्याही मागे जाता येईल का, आणि मजुरांच्या घरात मृत्युपत्रं कोण करत होतं, असं तुम्ही विचारलंय.

आधी हे सांगतो की दोघांतला एक 'निवडू' नका. कागदावर ज्या खेड्याचं नाव आहे तिथलाच विल्यम आपला, असं धरायचा मोह होतो. पण भरतीच्या वेळी पोरगा जे गाव सांगेल ते कारकून लिहून घेई. सांगणारा कधी जन्मगाव सांगे, तर कधी जिथे वाढला किंवा जिथे चाकरीला होता ते गाव. वयही तसंच, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे. त्यामुळे दोन्ही विल्यमांचं पुढे काय झालं ते शोधायचं आणि जो शिपाई असूच शकत नाही त्याला यादीतून काढायचं. या कामातला खरा पुरावा असा वजाबाकीतून येतो. इंटरनेटवरच्या बहुतेक वंशावळी बिघडतात त्या इथेच. नाव जुळलं, साल जवळपास जुळलं, की लोक पुढच्या पिढीवर उडी मारतात. मग तिथून मागे काढलेल्या दोनशे वर्षांच्या नोंदी दुसऱ्याच कुटुंबाच्या निघतात.

वजाबाकी अशी करा. १८१३ पासूनच्या दफननोंदींत वय आणि राहण्याचं ठिकाण असतं. दोन्ही खेड्यांच्या, आणि लगतच्या चार-पाच पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव), १८२६ ते १८४६ पर्यंतच्या दफननोंदी पाहा. त्या काळात मूल दगावणं नित्याचं होतं. दोघांतला एक तिसऱ्या वर्षीच गेला असेल तर प्रश्न तिथेच सुटला. त्याच आई-बापांनी पुढच्या मुलालाही विल्यम नाव दिलं असेल तरी पहिला गेला असं समजायला बरीच जागा आहे. मग १८४१ ची जनगणना. यात पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेलं आहे, म्हणून 'वय १५' याचा अर्थ एकोणीसपर्यंत काहीही असू शकतो. खरा उपयोग १८५१ च्या जनगणनेचा. ३० मार्च १८५१ च्या रात्री जो जिथे होता तिथे त्याची नोंद झाली, आणि जन्म कोणत्या पॅरिशमधला तेही लिहिलं गेलं. तुमचे खापरपणजोबा त्या रात्री हिंदुस्थानात होते. दोघांपैकी एक विल्यम जर तेव्हा सफोकमध्ये बायकामुलांसह सापडला, तर तो तुमचा नाही, मग त्याचं गाव कागदाशी कितीही जुळो.

दोघेही सापडले नाहीत तर घाई नको. सफोकच्या खेड्यांतून माणसं त्या काळात सतत बाहेर पडत होती, कुणी उत्तरेकडच्या गिरण्यांकडे, कुणी लंडनला, कुणी थेट कॅनडाला. आणि तिसऱ्या विल्यमची शक्यता उरतेच. सफोकमध्ये बॅप्टिस्ट आणि इंडिपेंडंट या सरकारी चर्चबाहेरच्या पंथांची चॅपेलं, म्हणजे प्रार्थनागृहं, बरीच होती. त्या घरांतली मुलं पॅरिशच्या वहीत नसतात, आणि बॅप्टिस्ट तर तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नसत. अशा चॅपेलांच्या वह्या १८४० च्या सुमारास सरकारजमा झाल्या. त्या आता लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ऑनलाइनही पाहता येतात. शिवाय लग्नात सांगितलेला 'वडील जॉन' हा सावत्र बाप किंवा आजोबाही असू शकतो. लग्नाबाहेर जन्मलेला शिपाई पाद्र्यासमोर रकाना कोरा ठेवण्यापेक्षा एखादं नाव सांगून मोकळा होत असे.

विल्यम नक्की झाला की मग मागे जायचं. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांत कुळाची पिढ्यान् पिढ्यांची नावं एका जागी सापडतात, तसं इंग्लंडच्या पॅरिशमध्ये काही नसतं. तिथे घटनेची नोंद आहे, कुळाची नाही. बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा सुट्या नोंदी. त्यांना जोडणारा धागा आपण ओवायचा आणि तो का ओवला ते लिहूनही ठेवायचं.

या नोंदी राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या हुकमाने सुरू झाल्या. सुरुवातीची पुष्कळ गावं सुट्या कागदांवर लिहीत. १५९८ मध्ये जुनं सगळं चर्मपत्रावर उतरवायचा आदेश निघाला, पण त्यात 'विशेषतः राणीच्या (पहिल्या एलिझाबेथच्या, १५५८) राज्यारोहणापासूनचं' अशी सवलत होती. म्हणून कित्येक गावांच्या वह्या नेमक्या १५५८ पासून सुरू होतात. आधीची वीस वर्षं उतरवण्याचा कंटाळा केला गेला. त्याच सुमाराला दर वर्षीच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे किंवा त्याच्या हाताखालच्या आर्चडीकन या धर्माधिकाऱ्याकडे पाठवायची पद्धत पडली. ही प्रत विसरू नका. मूळ वही उंदरांनी किंवा ओलीने खाल्लेली असते तिथे ती कामाला येतेच, पण वही धड असली तरी दोन्ही ताडून पाहावं. एकीत नसलेली नोंद दुसरीत सापडते, किंवा आडनावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं असतं.

तुमच्या कामाच्या दोन तारखा म्हणजे १७५४ आणि १८१३. २५ मार्च १७५४ पासून हार्डविक कायद्याने लग्नाची नोंद ठरावीक नमुन्यात होऊ लागली. वधूवरांच्या सह्या किंवा खुणा आणि साक्षीदारांच्या सह्या त्यात आल्या. सही ही ओळख पटवायला फार मोलाची गोष्ट आहे. दोन जॉनांतला एक सही करतो आणि दुसरा फुलीची खूण, हे तीस वर्षांच्या अंतराने दोन कागदांवर दिसलं तर माणसं वेगळी करता येतात. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफन यांनाही छापील नमुने आले. बापाचा धंदा आणि वस्ती मिळते ती तेव्हापासून. त्याआधीच्या बाप्तिस्म्यात 'जॉनचा मुलगा विल्यम' एवढंच, फार तर आईचं पाळण्यातलं नाव. आईचं माहेरचं आडनाव लिहिणारा पाद्री भेटला तर नशीब.

लग्न साधारणपणे नवरीच्या पॅरिशमध्ये होई. म्हणून बापाच्या गावात लग्न सापडत नसेल तर आसपासच्या दहा-बारा मैलांतली गावं धुंडाळा. आय पासून वेव्हनी नदी जवळ आहे आणि नदीपलीकडे नॉरफोक काउंटी लागते. बाजारासाठी माणसं सर्रास पलीकडे डिसला जात, आणि सोयरिकीही तिकडे होत. आपण नकाशा पाहताना काउंटीची रेघ भिंतीसारखी धरतो, पण तिथल्या लोकांच्या लेखी तसं काही नव्हतं.

तारखांचा एक घोळ लक्षात ठेवा. १७५१ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे ऑक्टोबर १७२० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७२० मध्ये मुलाचा बाप्तिस्मा असं दिसलं तर मूल लग्नाआधीचं नाही. ते लग्नानंतर चार महिन्यांनी झालं. (नवरी गरोदर असताना लग्न होणं तिथल्या खेड्यांत काही विशेष नव्हतं, दचकू नका.) अशी तारीख टिपताना १७२०/२१ असं लिहायचं.

आता मृत्युपत्रं. यावर जरा थांबतो, कारण खरी नाती इथे सापडतात.

खापरपणजोबांचे वडील मजूर होते म्हणजे त्यांचे पणजोबाही मजूर होते असं नाही. सफोकमध्ये अठराव्या शतकभर लहान शेतकऱ्यांची घरं घसरत गेली. मुलं जास्त, वाटण्या झाल्या, मोठ्या शेतकऱ्यांनी जमिनी गिळल्या. १८२० चा मजूर घ्या आणि शंभर-सव्वाशे वर्षं मागे जा, तर बऱ्याचदा तिथे 'हजबंडमन' म्हणजे छोटा शेतकरी किंवा 'योमन' म्हणजे बऱ्या स्थितीतला शेतकरी भेटतो, आणि या लोकांनी मृत्युपत्रं भरपूर केली. सुतार, विणकर, लोहारही करत. शिवाय गरिबाचं नाव त्याच्या स्वतःच्या मृत्युपत्रात नसलं तरी बरी स्थिती असलेल्या मामाच्या किंवा आत्याच्या मृत्युपत्रात येतं. माझ्या मते वंशशोधकाला सगळ्यात लाभणारं मृत्युपत्र असतं ते मूलबाळ नसलेल्या माणसाचं, त्यातही अविवाहित बाईचं किंवा निपुत्रिक विधवेचं. पोटची मुलं असलेला बाप चार नावं लिहून थांबतो. मावशीबाई मात्र प्रत्येक भाच्याला-पुतणीला काही ना काही देते: एकीला पितळी भांडं, दुसरीला पलंग आणि गादी, तिसऱ्याला दहा शिलिंग, आणि लग्न झालेल्या भाचीच्या नवऱ्याचं नावही देऊन ठेवते. तीन कुटुंबं एका पानात जोडली जातात. सधवेला मात्र नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. ते बदललं १८८२ च्या कायद्याने.

ही मृत्युपत्रं शोधायची कुठे हे समजण्यात लोकांचा निम्मा वेळ जातो. १२ जानेवारी १८५८ नंतर कारभार सरकारी झाला आणि सगळ्या देशाची एकच वार्षिक सूची मिळते, ती ऑनलाइन आहे. त्याआधी मृत्युपत्र सिद्ध करणं, म्हणजे ते खरं असल्याचा शिक्का देणं, हे चर्चच्या न्यायालयांचं काम होतं आणि त्यांच्या पायऱ्या होत्या. मालमत्ता एकाच आर्चडीकनच्या हद्दीत असेल तर आर्चडीकनचं न्यायालय. दोन हद्दींत असेल तर बिशपचं. दोन बिशपांच्या हद्दींत पाच पौंडांहून अधिकची चीजवस्तू असेल तर आर्चबिशपचं, म्हणजे दक्षिणेत कँटरबरी, उत्तरेत यॉर्क.

तुमच्या बाबतीत गंमत अशी की दोन्ही खेडी चालत तासाभराच्या अंतरावर असूनही त्यांची मृत्युपत्रं दोन वेगळ्या न्यायालयांत सिद्ध होत. आय आणि त्याचा हार्टिसमिअरचा भाग जुन्या व्यवस्थेत सडबरीच्या आर्चडीकनकडे होता, त्याचे कागद बरी सेंट एडमंड्सला ठेवले जात. शेजारचा हॉक्सनचा भाग सफोकच्या आर्चडीकनकडे, ते कागद इप्सविचला. वरचा बिशप दोघांचा एकच, नॉरविचचा. त्या न्यायालयाची मृत्युपत्रं नॉरफोकच्या अभिलेखागारात. आणि कँटरबरीची १३८४ ते १८५८ पर्यंतची क्यूला, तिथल्या संकेतस्थळावरून घरबसल्या उतरवून घेता येतात. चारही संग्रह पाहिल्याशिवाय 'मृत्युपत्र नाही' असं म्हणायचं नाही. आणखी एक: १६५३ ते १६६० या काळात, म्हणजे राजा नसताना, चर्चची न्यायालयं बंद होती आणि देशभरची मृत्युपत्रं लंडनलाच सिद्ध होत. त्या सात वर्षांत सफोकच्या साध्या शेतकऱ्याचंही मृत्युपत्र कँटरबरीच्या संग्रहात मिळतं. नेमक्या याच काळात, १६४२ नंतरच्या यादवीपासून, पॅरिशच्या वह्या सगळ्यात विस्कळीत आहेत. वहीतली पोकळी मृत्युपत्रं भरून काढतात. सफोकच्या शोधकांनी आपलं नशीब मानावं. डेव्हनची मूळ मृत्युपत्रं १९४२ च्या बाँबहल्ल्यात एक्सेटरला जळून गेली, तिकडच्यांना हा मार्ग फारसा उरलेला नाही.

मृत्युपत्र हातात आलं की ते दोनदा वाचा, एकदा नावांसाठी, एकदा न सांगितलेल्या गोष्टींसाठी. 'माझं शरीर अमुक गावच्या चर्चच्या आवारात पुरावं' असं लिहिलेलं ते गाव राहत्या गावापेक्षा वेगळं असेल तर ते त्याचं मूळ गाव असण्याची शक्यता मोठी. तसंच गरिबांना वाटायला ठेवलेले पैसे. राहत्या पॅरिशखेरीज आणखी कुठल्या पॅरिशच्या गरिबांना काही दिलं असेल तर तिथल्या वह्या लगेच उघडा. मृत्युपत्राची तारीख आणि ते सिद्ध झाल्याची तारीख यांच्यामध्ये कुठेतरी दफन असतं. बहुतेक लोक अंथरुणाला खिळल्यावरच लेखनिकाला बोलावत, म्हणून हे अंतर बहुधा थोडं असतं. एकाच नावाच्या दोघांपैकी कोण कधी गेला हे यातून ठरतं. मग बायकोचं नाव, मुलांची नावं बाप्तिस्म्याच्या नोंदींशी एकेक करून ताडायची. आठ मुलांपैकी पाच मृत्युपत्रात असतील तर उरलेल्या तिघांची दफनं शोधा.

थोरला मुलगा गायब असेल किंवा त्याला एकच शिलिंग दिला असेल तर लोक लगेच बापलेकाचं भांडण कल्पून मोकळे होतात. बहुतेक वेळा त्याला वाटा आधीच मिळालेला असतो, लग्नात किंवा जमिनीच्या रूपाने. सफोकमध्ये तर आणखी एक वळण आहे. तिथल्या बऱ्याच मॅनरांत, म्हणजे जमीनदारी वतनांत, अशी रीत होती की कुळाची जमीन सर्वांत धाकट्या मुलाकडे जाई. मग बाप मृत्युपत्रात थोरल्यांना रोख पैसे देतो आणि धाकट्याचं नावही काढत नाही, कारण त्याचं मॅनरच्या दरबारात आपोआप होणारच असतं.

नात्यांच्या बाबतीतही सावध. सतराव्या शतकातला लेखनिक 'सन-इन-लॉ' लिहितो तेव्हा तो जावई असेल किंवा सावत्र मुलगा. 'कझिन' हा पुतण्या, भाचा, नातू, काहीही असू शकतो. 'थोरला जॉन' आणि 'धाकटा जॉन' हे बापलेक असतीलच असं नाही. गावात दोन जॉन असले की वयाने मोठा तो थोरला, नातं असो वा नसो. थोरला वारला की धाकटाच थोरला होतो, आणि आपण चक्रावतो.

मृत्युपत्रासोबत चीजवस्तूंची यादी जोडलेली असेल तर तीही मागवा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा याद्या बऱ्याच सापडतात. दोन-तीन शेजारी खोलीखोलीतून फिरून सगळ्याची किंमत लावत. सफोकच्या या भागात दुभतं फार, त्यामुळे चीज दाबायचे यंत्र, लोणी घुसळायच्या रव्या, गाई, आणि जोडीला सूतकताईची चाकं हमखास भेटतात. (तिथलं चीज इतकं टणक असे की आरमारातल्या खलाशांत ते बदनाम होतं.) वंशावळीला याचा थेट उपयोग थोडा, पण माणूस कोणत्या स्थितीतला होता ते कळतं, आणि दोन जॉनांतला कोणता ते ठरवायला कधीकधी तेवढंच पुरतं.

नाव शोधून मृत्युपत्र काढण्यापेक्षा गाव धरा. सूचीतून त्या खेड्याची साठ-सत्तर वर्षांची सगळी मृत्युपत्रं वाचून काढा, आडनाव कोणतंही असो. लहान गावात हे काम आवाक्यातलं असतं. आपल्या माणसाचं नाव शेजाऱ्याच्या मृत्युपत्रात साक्षीदार म्हणून, कर्जदार म्हणून किंवा जावई म्हणून येतं, आणि मृत्युपत्र करणाऱ्याच्या नावावर बेतलेल्या सूचीत ते कधीच दिसत नाही. जुनं 'सेक्रेटरी' वळणाचं अक्षर सुरुवातीला वाचता येणार नाही. ठरीव सुरुवात, 'देवाच्या नावाने, आमेन' ही, जवळपास प्रत्येकात तीच असते. तिच्यावरून अक्षरांची वळणं ओळखून घ्या, मग पुढचं सुटत जातं. लॅटिनची फार धास्ती नको. मृत्युपत्रं बहुतेक इंग्रजीतच आहेत. सिद्धतेची टीप लॅटिनमध्ये असते आणि तीही साच्यातली. १७३३ पासून न्यायालयांतलं लॅटिन गेलंच. पॅरिशच्या वह्यांत याकोबुस म्हणजे जेम्स आणि गुलिएल्मुस म्हणजे विल्यम एवढं माहीत असलं की काम भागतं.

मजुरांसाठी मात्र मृत्युपत्राइतकाच मोलाचा दुसरा कागद आहे, आणि तुमच्या दोन जॉनांसाठी मी तो आधी पाहीन. १६६२ च्या कायद्यापासून प्रत्येक गरिबाचं एक 'सेटलमेंट' असे, म्हणजे त्याला पोसायची जबाबदारी कुठल्या पॅरिशची ते ठरलेलं असे. माणूस दुसऱ्या गावात मदत मागू लागला की दंडाधिकारी त्याची जबानी घेत: जन्म कुठला, बापाचं गाव कोणतं, अविवाहित असताना पूर्ण वर्ष कुणाकडे चाकरी केली, लग्न कुठे झालं, मुलं किती. अशी जबानी म्हणजे अशिक्षित मजुराचं आत्मचरित्रच. दोन्ही जॉन १८२०-३० च्या दशकात मजूर होते. शेतमजुरांचे हाल तेव्हा भयंकर होते आणि पॅरिशची मदत घेतल्याशिवाय राहिलेली घरं कमी. जबानी नसली तरी गरिबांच्या पैशांचा हिशोब ठेवणाऱ्या ओव्हरसियरच्या वहीत 'जॉनच्या मुलाला बूट' अशी ओळ सापडू शकते. लग्नाबाहेरच्या मुलाच्या बापाकडून खर्चाची हमी घेतलेले कागदही याच पेटीत असतात. तुमचा विल्यम तसा निघालाच तर बापाचं खरं नाव तिथे मिळेल.

जमीन असलेली पिढी लागली की मॅनरच्या दरबाराच्या वह्या. 'विल्यम मयत, त्याचा मुलगा जॉन कुळ म्हणून दाखल' अशा एका नोंदीत दोन पिढ्यांचं नातं शपथेवर मिळतं, आणि कधी आजोबांनी ती जमीन कधी घेतली याचा उल्लेखही. कोणत्या मॅनरची वही कुठे आहे याची राष्ट्रीय नोंदवही आहे, ती क्यूच्या संकेतस्थळावर पाहता येते. मधल्या काळातल्या उपस्थितीसाठी सफोकची १६७४ ची चूलपट्टीची यादी आणि १५२४ ची करयादी या दोन्ही छापलेल्या आहेत. त्यांत नातं कळत नाही, पण आडनाव त्या साली कोणत्या गावांत होतं ते कळतं आणि शोधायची गावं कमी होतात.

तर तुमच्यासाठी क्रम असा धरा. पहिल्यांदा १८५१ ची जनगणना आणि दफनं, दोन्ही विल्यमांसाठी. मग सफोकच्या अभिलेखागाराला पत्र लिहून दोन्ही पॅरिशांच्या सेटलमेंटच्या जबान्या आणि ओव्हरसियरच्या वह्या शिल्लक आहेत का ते विचारा. त्यांच्या सूचीत गावाप्रमाणे हे लगेच सापडतं. ऑनलाइन अनुक्रमणिकेत सापडलेल्या प्रत्येक नोंदीचं मूळ पान डोळ्यांनी पाहा, कारण समासातली टीप अनुक्रमणिकेत येत नाही. जॉन ठरला की त्याचं लग्न १७५४ नंतरच्या नमुन्यात असणार, तिथले साक्षीदार टिपून ठेवा. आणि मृत्युपत्रं त्याच्या आईच्या माहेरापासून सुरू करा. त्या घराकडे थोडी जमीन असेल तर तुमच्या बाजूच्या मुलांची नावं पहिल्यांदा बहुधा तिथेच वाचायला मिळतील.